मस्कतमध्ये तीन रात्री: राजवाड्यात राहावं की बंदरात?

केतकी_डोंबिवली | ४ नोव्हेंबर, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. जानेवारीत आईबाबांना घेऊन मस्कतला जायचं ठरतंय. त्यांच्या लग्नाला ४५ वर्षं होतील. बाबा ७२, एक गुडघा बदललेला. आईला चालायची हौस आहे, चढायची नाही. सोबत मी आणि नवरा. तीन रात्री, दोन खोल्या.

आयुष्यात एकदा तरी त्यांना खऱ्याखुऱ्या ऐषआरामी हॉटेलात ठेवायचं माझ्या मनात आहे. वाचून वाचून तीन नावं उरलीत: अल बुस्तान पॅलेस, द चेडी आणि बर्र अल जिस्साहचं शांग्रिला. नवरा म्हणतो, जुनं बंदर बघायला चाललोय तर मत्राहला समुद्रासमोर साधंसं हॉटेल घेऊ, उरलेल्या पैशांत नीट फिरू. घरात दोन पक्ष पडलेत. कुणी राहिलंय का?

बोंबील_फ्राय | ९:१५

पयला! आता वाचतो.

बोंबील_फ्राय | ९:१९

वाचलं. मासे कुठे चांगले मिळतात ते कुणीतरी सांगा, बाकी माझं काही म्हणणं नाही.

रुवीकर | ९:५८

चौदा वर्षं इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नकाशा डोक्यात घ्या. मस्कत हे एकसलग शहर नाही. मध्ये काळे-तपकिरी उघडे डोंगर आणि त्यांच्या फटींत बसलेली गावं, असं लांबलचक प्रकरण आहे. ज्याला ‘जुनं मस्कत’ म्हणतात ते अगदी एवढंसं: अल आलम राजवाडा, दोन बाजूंना जलाली आणि मिरानी हे किल्ले, नॅशनल म्युझियम, बैत अल झुबैर, संपलं. तिथे राहायला कुणी जात नाही. त्याच्या शेजारी मत्राह, म्हणजे खरं बंदर आणि बाजार. २०१४ मध्ये व्यापारी मालवाहतूक सोहार बंदरात हलवली, त्यामुळे आता मत्राहला प्रवासी जहाजं, सुलतानांची यॉट आणि लाकडी ढाव एवढंच दिसतं. मत्राहच्या मागे रुवी, म्हणजे आम्ही. तिथून विमानतळाच्या दिशेला कुरुम, अल खुवैर, घुब्रा.

आता हॉटेलं. चेडी घुब्राला, विमानतळाच्या बाजूला. मत्राहहून गाडीनं अर्धा तास धरा. बुस्तान उलट्या दिशेला, जुन्या मस्कतच्या पलीकडच्या डोंगरामागे. तिथून मत्राह पंधरा मिनिटांत. शांग्रिला त्याच्याही पुढे, घाट उतरून. तीन वेगवेगळी हॉटेलं एकाच आवारात आहेत आणि त्यांतल्या दोघांमधून पाण्याचा संथ प्रवाह काढलाय, रबरी टायरवर बसून तरंगायला. लहान मुलं असतील तर शांग्रिला. तुमच्यात मुलं नाहीत.

या तिन्ही ठिकाणी खोलीतून जुनं बंदर दिसणार नाही. ते हवं असेल तर मत्राहच.

हिशेबनीस | १०:३०

एक रियाल म्हणजे सव्वादोनशे रुपयांच्या आसपास. तो डॉलरला बांधलेला आहे, रियालला २.६ डॉलर, म्हणजे रुपया घसरला की तुमचं बिल आपोआप वाढतं. हिवाळ्यात या तिघांचे दर रात्रीला शंभर रियालच्या बरेच वर असतात. आणि नीट बघा, आकड्यापुढे दोन अधिक चिन्हं असतात बहुतेक वेळा. त्यांचा अर्थ सेवाशुल्क, पालिका कर, पर्यटन कर आणि वर ५ टक्के व्हॅट. दोन खोल्या, तीन रात्री. कॅल्क्युलेटर काढायच्या आधी पाणी प्या.

शुक्रवार-शनिवार तिथली सुट्टी. दुबईहून लोक गाड्या घेऊन येतात, दर चढतात. रविवार ते बुधवार बसवा.

टवाळ | १०:३४

हिशेबनीस, तुमच्या बायकोला मधुचंद्राला काय वाटलं असेल याचा विचार करतोय.

हिशेबनीस | १०:४१

ती सीए आहे. दर तिनंच काढले होते.

वसईची_सून | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

चेडीला राहिलेय. देखणं आहे यात वादच नाही. पांढऱ्या भिंती, पाण्याचे आरशासारखे हौद, रात्री मशाली, आणि तो प्रसिद्ध १०३ मीटर लांबीचा पोहण्याचा तलाव. मी काठाने एक फेरी मारली तर माझी सकाळची चाल पूर्ण झाली.

पण सासूबाई बरोबर होत्या. दुसऱ्या दिवशी मला हळूच म्हणाल्या, “अगं, इथे बोलायला परवानगी काढायला लागते का?” एवढी शांतता! सासरे वर्तमानपत्राची घडी उलगडायला घाबरत होते, आवाज होईल म्हणून. जोडप्यांनी जावं. आईबाबांना माणसं दिसायला लागतात.

मनमौजी | ८:०५

हॉटेलचं नाव घेत नाही, शहरातलंच एक महागडं. विमानतळावरून गाडी पाठवतो म्हणाले, आम्हाला वाटलं मानाने बोलावताहेत. निघताना बिलात त्या मानाचे पैसे लावले होते, टॅक्सीच्या तिप्पट. विचारलं तर अतिशय गोड हसून, वाटीभर खजूर पुढे करून, पैसे घेतलेच. ॲपवरून टॅक्सी मागवा, दर आधीच दिसतो.

शंकासुर | ९:४०

मूळ प्रश्नालाच माझा आक्षेप आहे. संगमरवरी लॉबी, झुंबर, सात प्रकारचे ज्यूस हे दोह्यात, दुबईत, पवईत सगळीकडे सारखंच. मग हजार वर्षं चाललेल्या बंदरात जाऊन तेच कशाला बघायचं?

मस्कत म्हणजे काय प्रकरण आहे! १५०७ मध्ये पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने ते जाळलं. पुढे पोर्तुगीज जवळजवळ दीड शतक तिथे होते. जलाली-मिरानी त्यांनीच १५८०च्या दशकात पक्के बांधले. १६५० मध्ये ओमानच्या इमाम सुलतान बिन सैफने त्यांना हाकललं. नंतर त्याच ओमानी आरमारानं पार झांझिबारपर्यंत राज्य नेलं. बंदराच्या खडकांवर येऊन गेलेल्या जहाजांची नावं खलाशांनी रंगवून ठेवलीत, ती अजून दिसतात. हे सोडून बुफे?

वसईची_सून | १०:०२

शंकासुर, त्या आरमाराची आमच्याकडेही आठवण आहे. १६७४ मध्ये मस्कतचे अरब वसईला उतरले आणि कोटाबाहेरची चर्च लुटून गेले. पोर्तुगीज कोटाच्या आत दारं लावून बसले होते.

टवाळ | १०:०६

१६७४? म्हणजे रायगडावर राज्याभिषेक आणि वसईत हे! पोर्तुगीजांची साडेसाती चालू असणार.

रुवीकर | १०:५५

१६५० ची इथली एक कथा सांगतो. ओमानी बखरीत आहे. नरोत्तम नावाचा एक बनिया पोर्तुगीज किल्ल्याला रसद पुरवायचा. किल्लेदारानं त्याच्या मुलीला मागणी घातली. नरोत्तमानं लग्नाच्या तयारीला वेळ मागितला आणि तेवढ्यात ‘धान्य जुनं झालंय, तोफांची दारू सर्दावलीय, बदलून देतो’ असं सांगून किल्ला रिकामा केला. मग इमामाला निरोप धाडला.

शंकासुर | ११:१०

बखरी आपल्याकडेही आहेत, म्हणून विचारतो: मुलगी, दुष्ट किल्लेदार, हुशार वाणी… जरा जास्तच जमून आलंय ना?

रुवीकर | ११:१८

असेल. पण हिंदू व्यापारी तिथे होते हे खरंच, आणि त्यांचं वजनही होतं. राजवाड्याजवळचं मोतीश्वराचं शिवमंदिर कच्छी भाटियांच्या काळापासूनचं आहे. २०१८ मध्ये पंतप्रधान तिथे जाऊन आले. मत्राहच्या धक्क्याला लागून लवातिया समाजाची तटबंदी असलेली वस्ती आहे, त्यांचं मूळही सिंध-कच्छकडचं. बाहेरून सुंदर सज्जे बघा, आत शिरू नका, घरं आहेत ती.

जुना_गल्फकर | दुपारी १:३०

मी ७८ ला गेलो, ९१ ला परतलो. मस्कतशी आपलं नातं केवढं, तर १९७० पर्यंत तिथे रुपयाच चालायचा. १९५९ पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापायची, नंबराआधी झेड असलेल्या. रुपया गेला, पण सुटे पैसे अजून ‘बैसा’च आहेत. हजार बैसांचा रियाल. सध्याच्या सुलतानांचे पणजोबा नव्हे, आजोबा, तैमूर बिन फैसल, गादी सोडून शेवटी मुंबईत राहिले आणि १९६५ मध्ये तिथेच वारले.

मी गेलो तेव्हा जुनी माणसं सांगायची, ७० पूर्वी सूर्यास्तानंतर तीन तासांनी मस्कतच्या वेशी बंद व्हायच्या आणि रात्री बाहेर पडायचं तर हातात कंदील धरणं सक्तीचं होतं. त्या गावात १५ वर्षांनी बुस्तान उभं राहिलं, ८५ साली, आखाती देशांच्या शिखर परिषदेसाठी. आम्ही लांबून दिवे बघायचो. वाटायचं, समुद्रातून एखादं जहाज वर आलंय.

टवाळ | १:३७

काका, वेशीवर कंदील विसरलेल्याचं काय करायचे?

जुना_गल्फकर | १:४४

जलालीत ठेवायचे. तेव्हा तो तुरुंग होता.

केतकी_डोंबिवली | रात्री १०:२०

बाप रे, एका दिवसात केवढं लिहिलंत सगळ्यांनी!

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि मला वाटतं तीच महत्त्वाची आहे. बाबा ८३ ते ८६ मस्कतमध्ये होते. एसीच्या डक्टिंगचे फिटर, एका पोटकंत्राटदाराकडे. आणि काम कुठे, तर बुस्तानच्या साइटवर. मोठ्या घुमटाखाली परांचीवर बसून डबा खायचे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. हॉटेल सुरू झालं तेव्हा त्यांची तुकडी दुसऱ्या कामावर हलवली होती. पूर्ण झालेलं त्यांनी कधी बघितलंच नाही.

म्हणून बुस्तान माझ्या डोक्यात होतं. काल सहज विषय काढला, तर बाबा म्हणाले, “तिथे काय बघायचंय? मी आतून बघितलंय.” आई म्हणाली, आतून म्हणजे डक्टच्या आतून. तो विषय तिथेच संपला. आता न सांगता बुक करावं का?

वसईची_सून | १०:२९

केतकी, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंस गं. कर बुक. काही विचारू नकोस.

जुना_गल्फकर | १०:५०

ताई, मी उलट सांगेन. गुपचूप काही करू नका. आम्हा लोकांचं त्या जागांशी नातं साधं नसतं. आम्ही कॅम्पात एका खोलीत आठजण राहायचो. उन्हाळ्यात पहाटे चारला काम सुरू, दुपारी लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटायची. त्या जागेत एकदम पाहुणा म्हणून उभं केलं तर काही जणांना अभिमान वाटतो, काही जणांना चोरी केल्यासारखं वाटतं. माझा एक मित्र स्वतः फरशी बसवलेल्या हॉटेलात मुलानं नेलं तेव्हा बूट काढून चालत होता.

शंकासुर | ११:०५

माझा वरचा बुफेवाला आक्षेप मागे. या एका हॉटेलापुरता.

प्राजक्ता_नाशिक | ६ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

जुना_गल्फकर यांच्याशी सहमत नाही. वडील ‘नको’ म्हणाले, यात पैशाची काळजी किती आणि खरं नको किती? आमच्या पिढीचे वडील हॉटेलात चहाचा दर बघून तहान लागली नाही म्हणतात. सांगा, पण पैसे भरून झाल्यावर सांगा. परतावा नाही असं ठोकून द्या.

टवाळ | ८:२०

परतावा नाही हे ऐकलं की मराठी माणूस तापातसुद्धा जातो.

हिशेबनीस | ९:००

+१. आणि मधला मार्ग: दोन रात्री मत्राहला, शेवटची एक बुस्तानला. खर्च निम्म्याहून कमी, नवऱ्याचंही ऐकल्यासारखं. बुस्तान शेवटी ठेवा, आधी ठेवलं तर नंतरचं हॉटेल रडकं वाटेल.

रुवीकर | ९:४५

हिशेबनीसांची योजना उत्तम. त्यात थोडी भर:

मत्राह बाजार दुपारी एकच्या सुमाराला बंद होतो, चारनंतर उघडतो, शुक्रवारी सकाळी बंदच. संध्याकाळी जा. सुलतान काबूस मशीद मुसलमानेतरांना शनिवार ते गुरुवार सकाळी ८ ते ११ एवढीच खुली, आईंना ओढणी आणि पूर्ण बाह्या लागतील. तिथला वालुकाश्म ३ लाख टन आणि सगळा भारतातून आणलेला. प्रार्थनागृहातला गालिचा इराणी कारागिरांनी चार वर्षं विणलाय. बाबांच्या गुडघ्यासाठी चाकाची खुर्ची मागा, आवार अफाट आहे.

बुस्तानच्या वाटेवर चौकात एक जहाज ठेवलंय, ‘सोहार’, ते चुकवू नका. १९८० मध्ये ओमानच्याच सूर गावात बांधलं आणि मस्कतहून थेट चीनमधल्या कॅन्टनपर्यंत नेलं. एकही खिळा नाही, फळ्या काथ्यानं शिवलेल्या. लाकूड मलबारचं, काथ्या लक्षद्वीपचा.

बोंबील_फ्राय | १०:१०

मासे?

रुवीकर | १०:१२

मत्राहच्या धक्क्यावर नवा मासळीबाजार आहे. सुरमईला इथे कनद म्हणतात. धीर धरा, लिहितो.

सुगंधी_कट्टा | दुपारी १२:४०

अवांतर. बाजारात लोबान घ्यालच, पण गोंधळ होऊ देऊ नका. अरबी ‘ऊद’ म्हणजे अगरू, सुगंधी लाकूड, किंमत ऐकून घाम येतो. तुम्हाला हवा तो ‘लुबान’, दक्षिण ओमानमधल्या धोफारच्या झाडाचा डिंक. हिरवट-पांढरा, पारदर्शक खडा उत्तम, त्याला होजारी म्हणतात. पिवळा-तपकिरी स्वस्त. आणि याचं चुलत भावंड आपल्याकडे आहे, सातपुडा-मेळघाटातली सालई. झाड एकाच कुळातलं, वास वेगळा.

मनमौजी | १:०५

आणि कहवा देणाऱ्याला पुरे म्हणायचं असेल तर पेला दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवायचा. नुसतं “बस बस” म्हटलं तर तो ओततच राहतो. मी सात प्यालो होतो.

केतकी_डोंबिवली | रात्री ९:३०

ठरलं. दोन मत्राह, एक बुस्तान. परताव्याशिवाय. बाबांना उद्या सांगते. आल्यावर लिहीन.

टवाळ | ९:३३

हे वाक्य लिहून गेलेले लोक परत येत नाहीत.

केतकी_डोंबिवली | २ फेब्रुवारी, रात्री ११:००

टवाळ, आलेय.

विमानाला तीन तासही लागत नाहीत, बाबा त्याचीच तक्रार करत होते. म्हणे, तेव्हा एवढं जवळ कधीच वाटलं नाही.

मत्राहच्या दोन रात्री आईच्या. पहाटे अजान, समोर पाणी, डोंगरावर तो मोठा धूपदाणीचा मनोरा, धक्क्यावर सकाळची चाल. बाबांनी तिला एक कठडा दाखवला. शुक्रवारी इथे बसून तुला पत्र लिहायचो, म्हणाले. आई म्हणाली, तरीच अक्षर इतकं वाईट. त्यांची कॅम्पाची जागा बघायला वादी कबीरला गेलो. तिथे आता गॅरेजं आणि गाड्यांची दुकानं. कुठे होतं ते त्यांना कळेना. दोन गल्ल्या फिरले, मग म्हणाले, चला.

बाजारात त्यांनी खिशातून एक नोट काढली. ८५ सालची एक रियालची, इतकी वर्षं पासबुकात ठेवलेली! दुकानदारानं हसून हात जोडले, ती मालिका कधीच बाद झालीय म्हणाला. मग संग्रहासाठी तीन रियाल देऊ केले. बाबांनी नोट परत घडी करून ठेवली.

बुस्तान. दारातून आत गेल्यावर घुमट एकदम डोक्यावर येतो, ३८ मीटर उंच. मी बाबांकडे बघत होते. तुम्हाला वाटेल डोळे भरून आले वगैरे. तसं काही नाही. त्यांनी वर बघितलं, मान वळवून एकेक जाळी मोजली आणि विचारलं, “आवाज येतोय का काही?” नाही म्हटलं. “यायलाच नको,” म्हणाले. खजूर-कहवा घेऊन माणूस उभा होता, त्याच्याकडे लक्षच नाही.

रात्री अकरा वाजता आईचा फोन, लवकर ये. आम्ही पळत गेलो. बाबांनी टीव्ही, फ्रीज, दिवे, सगळं बंद केलेलं आणि अंधारात पलंगावर बसून एसी ऐकत होते. आई वैतागलेली: “समुद्र आहे समोर, तो ऐकायचा सोडून हे काय!” त्यांचं म्हणणं, मधे कधीतरी डक्ट बदललेत, पण वळणं तीच असणार, हवा कशी येते त्यावरून कळतं. सकाळी देखभालीच्या कण्णूरच्या एका मुलाला गाठून मोडक्या मल्याळममध्ये अर्धा तास बोलले. यंत्रघरात नेता येत नाही म्हणाला तो, नियम आहे. बाबा म्हणाले बरोबर आहे, आमच्या वेळीही होता.

जुना_गल्फकर काका, बूट घालूनच चालले. पण लॉबीतल्या सोफ्यावर शेवटपर्यंत बसले नाहीत.

जुना_गल्फकर | ११:२०

आमच्यातला कुणीच बसला नसता. वाचून बरं वाटलं, ताई. तुकडी कुठली होती, कंत्राटदार कोण, हे व्यक्तिगत निरोपातून विचारतो. ओळखीचे निघू शकतात.

हिशेबनीस | ११:२५

सगळं छान. बिल?

केतकी_डोंबिवली | ११:३१

आईनं बघितलं आणि म्हणाली, एवढ्यात तेव्हा डोंबिवलीत अख्खा ब्लॉक आला असता. तेव्हा आलाही होता, तिथल्याच पगारातून.

बोंबील_फ्राय | ११:३३

आणि सुरमई? तीन महिने थांबलोय.